कारागृहांतील विषाणुजन्य हिपॅटायटिस तपासणी

कारागृहांतील विषाणुजन्य हिपॅटायटिस तपासणी म्हणजे कारागृहात दाखल होणाऱ्या आणि तेथे राहणाऱ्या व्यक्तींची हिपॅटायटिस बी व हिपॅटायटिस सी या यकृताच्या संसर्गांसाठी केली जाणारी रक्तचाचणी, तसेच तिला जोडून येणारी निदाननिश्चिती, लसीकरण व उपचार यांची व्यवस्था होय. भारतात या तपासणीला मुख्यतः २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाचा आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कारागृहविषयक कामाचा आधार आहे. महाराष्ट्रातील मध्यवर्ती कारागृहांत दीर्घ शिक्षेचे बंदी असतात. जिल्हा कारागृहांत मात्र प्रामुख्याने न्यायाधीन बंदी असतात आणि त्यांचा मुक्काम अनिश्चित असतो. त्यामुळे बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात रक्त तपासणे ही तुलनेने सोपी बाब ठरते. निदान झालेल्या व्यक्तीला जामीन किंवा बदली होण्यापूर्वी उपचारापर्यंत पोहोचवणे हा खरा कठीण भाग आहे.

आजार आणि संज्ञा

हिपॅटायटिस म्हणजे यकृतदाह. तो निर्माण करणारे ए, बी, सी, डी आणि ई हे पाच विषाणू प्रमुख आहेत. ए आणि ई यांचा प्रसार दूषित पाणी व अन्नातून होतो आणि आजार बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. बी आणि सी यांचा प्रसार रक्तातून, असुरक्षित लैंगिक संबंधांतून आणि मातेकडून बाळाला होतो. हे दोन विषाणू शरीरात वर्षानुवर्षे राहू शकतात आणि पुढे यकृत सिऱ्होसिस किंवा यकृताचा कर्करोग होऊ शकतो. डी विषाणू केवळ बी विषाणूच्या सोबतीनेच टिकतो. कारागृहातील नियमित तपासणी बी व सी यांच्यापुरती असते. ए व ई यांचा संबंध कारागृहाच्या पाणीपुरवठ्याशी आणि स्वयंपाकघराशी येतो, आणि त्यांची साथ आल्यास ती वेगळ्या पद्धतीने हाताळली जाते.

मराठीत या सर्वांना सरसकट ‘कावीळ’ म्हणण्याची रीत आहे. हिपॅटायटिस बीला बोलीत ‘पांढरी कावीळ’ असेही म्हणतात. वास्तविक कावीळ हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. डोळे व त्वचा पिवळी पडणे हे दीर्घकालीन बी किंवा सी संसर्गात अनेक वर्षे दिसतच नाही. ‘मला कधी कावीळ झाली नाही’ हे बंद्याचे उत्तर त्यामुळे तपासणी टाळण्यास पुरेसे कारण ठरत नाही. उलट, काविळीसाठी गळ्यात माळ घालणे किंवा गावठी औषध घेणे ही ग्रामीण भागातील प्रथा लक्षण ओसरले की आजार गेला असा समज दृढ करते. ए किंवा ई प्रकारात कावीळ आपोआपच ओसरत असल्याने अशा उपायांना श्रेय मिळत राहते.

बी विषाणूचा शोध बारूक ब्लुमबर्ग यांच्या १९६०च्या दशकातील संशोधनातून लागला. त्यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. भारतीय कार्यक्रमाच्या प्रारंभासाठी हाच दिवस निवडण्यात आला. सी विषाणूची ओळख १९८९ मध्ये पटली.

प्रमाण

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५.४ कोटी व्यक्तींना हिपॅटायटिस बी आणि ५ कोटी व्यक्तींना हिपॅटायटिस सी होता. त्यांपैकी भारतात अनुक्रमे २.९८ कोटी आणि ५५ लाख होते. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील रक्तनमुन्यांवर आधारित देशव्यापी पाहणीत बी विषाणूच्या पृष्ठभाग प्रतिजनाचे प्रमाण ०.९५ टक्के आणि सी विषाणूविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण ०.३२ टक्के आढळले. बुलढाणा जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या २५,८६,२५८ होती. देशाची सरासरी तिला लावली, तर बी बाधितांची संख्या साडेचोवीस हजारांच्या आसपास आणि सी प्रतिपिंड असणाऱ्यांची आठ हजारांहून थोडी अधिक येते. हे केवळ अंकगणित आहे. संसर्गाचे प्रमाण राज्याराज्यांत आणि एका जिल्ह्यातील गावागावांतही भिन्न असते.

कारागृहांतील प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा बरेच अधिक असते. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात कोणत्याही दिवशी कारागृहांत असणाऱ्या सुमारे १.०२ कोटी व्यक्तींपैकी १५.१ टक्के व्यक्तींना हिपॅटायटिस सी, ४.८ टक्के व्यक्तींना दीर्घकालीन हिपॅटायटिस बी आणि ३.८ टक्के व्यक्तींना एचआयव्ही असल्याचा अंदाज मांडण्यात आला. सी विषाणूचा जागतिक आकडा सुईने अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण अधिक असलेल्या देशांमुळे वर गेलेला आहे. तो विदर्भातील कारागृहाला जसाच्या तसा लावता येत नाही. भारतातील सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक गाझियाबाद येथील जिल्हा कारागृहात झाला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बी विषाणूचे प्रमाण सुमारे ११ टक्के आणि सी विषाणूचे सुमारे ५ टक्के आढळले होते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणी फेरीत एचआयव्ही व सिफिलिस यांच्याबरोबर हिपॅटायटिस बी व सी यांच्या चाचण्या प्रथमच जोडण्यात आल्या आणि बंदी हा तिच्यातील एक लोकसमूह होता.

संसर्ग अधिक असण्याची कारणे

बरेचसे बंदी संसर्ग घेऊनच कारागृहात येतात. सुईने अमली पदार्थ घेणे, पूर्वी न तपासलेले रक्त मिळालेले असणे, तसेच काचेच्या किंवा पुन्हा वापरलेल्या सिरिंजने दिलेली इंजेक्शने ही त्यामागची सर्वज्ञात कारणे आहेत. भारतात दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सी चाचणी या शतकाच्या सुरुवातीला बंधनकारक झाली. त्याआधी रक्त मिळालेल्या मध्यमवयीन व वयस्कर व्यक्तींमध्ये जुना संसर्ग आढळू शकतो. गावोगावच्या अपात्र वैद्यांकडून साध्या तापासाठीही ‘सुई टोचून घेण्याची’ सवय हा विदर्भासह अवघ्या ग्रामीण भारताचा प्रश्न राहिला आहे. म्हणून बंद्याला संसर्ग आढळला की त्याला व्यसनी ठरवणे चुकीचे असते.

दुसरा भाग कारागृहातील वास्तव्याचा. एकाच ब्लेडने अनेकांची दाढी, सामायिक दात घासण्याचा ब्रश, सुई किंवा तारेने केलेले गोंदण, भांडणातील जखमा आणि असुरक्षित लैंगिक संबंध यांमधून विषाणू पसरतो. बी विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो. त्यामुळे रक्ताचा डाग दिसत नसलेला वस्तराही सुरक्षित मानता येत नाही. गर्दीने हे सर्व धोके वाढतात. ‘प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया’नुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ४,३६,२६६ एवढ्या क्षमतेच्या तुलनेत ५,७३,२२० व्यक्ती होत्या, म्हणजे भरणा १३१.४ टक्के होता. या व्यक्तींपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होत्या.

एकत्र जेवणे, एकाच बराकीत झोपणे, एक शौचालय वापरणे, हस्तांदोलन किंवा खोकला यांतून बी व सी पसरत नाहीत. बाधित बंद्याला वेगळ्या बराकीत ठेवण्यास वैद्यकीय आधार नाही.

कायदेशीर आधार

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृहे आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही राज्यसूचीतील विषय आहेत. कार्यक्रम केंद्राचा, कारागृह राज्याच्या गृह विभागाचे आणि रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे अशी त्रिस्तरीय रचना त्यातून तयार होते. तपासणीतील बऱ्याच अडचणी वैद्यकीय नसून या रचनेतील समन्वयाच्या आहेत.

कारागृह अधिनियम, १८९४ च्या कलम २४ मध्ये दाखल होणाऱ्या बंद्याची वैद्यकीय तपासणी करून त्याच्या प्रकृतीची, जखमांची व खुणांची नोंद घेण्याची तरतूद आहे. तिचा रोख बंदी कोणत्या श्रमास योग्य आहे हे ठरवण्याकडे होता. रक्तचाचणीचा विचार तिच्यात असणे शक्यही नव्हते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या प्रवेशकालीन आरोग्य तपासणीच्या नमुन्यात मात्र हिपॅटायटिससाठी रक्तचाचणीचा उल्लेख आहे, आणि ती बंद्याला कारण समजावून, त्याच्या संमतीने करावयाची आहे. कारागृहातील हिपॅटायटिस चाचणीची अपेक्षा अशा रीतीने राष्ट्रीय कार्यक्रमापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी जुनी आहे. तेव्हा सी विषाणूवर आजच्यासारखी गोळ्यांची औषधे नव्हती. इंटरफेरॉनची इंजेक्शने महाग व त्रासदायक होती, आणि सकारात्मक निष्कर्षानंतर काय करावयाचे याला सार्वजनिक रुग्णालयाकडे फारसे उत्तर नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील नियम २४ नुसार बंद्यांना समाजातील इतरांच्या बरोबरीची आरोग्यसेवा विनामूल्य मिळाली पाहिजे आणि संसर्गजन्य आजारांच्या उपचारांत सुटकेनंतरही सातत्य राहिले पाहिजे. भारतात एचआयव्हीच्या बाबतीत हे तत्त्व कायद्यात उतरले आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ च्या कलम ३१ ने राज्याच्या ताब्यातील प्रत्येक व्यक्तीला प्रतिबंध, समुपदेशन, चाचणी व उपचार यांचा हक्क दिला आहे. हिपॅटायटिससाठी असा स्वतंत्र कायदा नाही. एकाच बंद्याच्या एकाच दिवशी घेतलेल्या रक्ताच्या एका निष्कर्षाला वैधानिक संरक्षण मिळते, तर दुसऱ्याला केवळ मार्गदर्शक सूचनांचे.

राष्ट्रीय कार्यक्रम

२०१८ च्या कार्यक्रमात हिपॅटायटिस बी व सी यांचे निदान व उपचार शासकीय केंद्रांतून मोफत देण्याची तरतूद झाली आणि २०३० पर्यंत हिपॅटायटिस सीचे निर्मूलन हे उद्दिष्ट ठरले. जिल्हा पातळीवर उपचार केंद्र आणि गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेले आदर्श उपचार केंद्र अशी तिची रचना आहे. त्याआधी पंजाबने २०१६ मध्ये राज्य पातळीवर हिपॅटायटिस सीचे मोफत उपचार जिल्हा रुग्णालयांतून सुरू केले होते. तज्ज्ञ यकृतविकारतज्ज्ञाशिवाय, प्रशिक्षित सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातूनही हे उपचार परिणामकारक होतात, हे तेथील अनुभवाने दाखवून दिले. लहान जिल्ह्यांच्या दृष्टीने ही बाब निर्णायक होती.

कारागृहांत प्रवेश मिळवण्याची वाट मात्र एचआयव्ही कार्यक्रमाने आधीच तयार केली होती. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे कारागृहांतील नियोजित काम २०१६ पासून विस्तारले. महाराष्ट्रात ते महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत चालते. २०२३ च्या मे–जून महिन्यांत देशातील कारागृहे व इतर बंदिस्त संस्थांत लैंगिक संसर्ग, एचआयव्ही, क्षयरोग आणि हिपॅटायटिस या चौघांची एकत्रित तपासणी मोहीम घेण्यात आली. रक्त एकदाच घेऊन तीन-चार चाचण्या करणे हे खर्चाच्या आणि बंद्याच्या सोयीच्याही दृष्टीने योग्य आहे. मोहिमेची मर्यादा तिच्या स्वरूपातच असते: मोहिमेच्या आठवड्यात जो बंदी आत असतो तो तपासला जातो, पुढच्या आठवड्यात दाखल होणारा राहून जातो. अलीकडील वर्षांत देशातील कारागृहांत दरवर्षी १५ लाखांहून अधिक व्यक्ती दाखल होत आल्या आहेत. म्हणून प्रवेशाच्या वेळची नियमित चाचणी आणि अधूनमधूनची मोहीम या दोन्हींची आवश्यकता मानली जाते.

चाचणीची पद्धत

पहिल्या टप्प्यात बोटातून किंवा शिरेतून रक्त घेऊन दोन जलद कार्ड चाचण्या केल्या जातात. एक बी विषाणूच्या पृष्ठभाग प्रतिजनासाठी, तर दुसरी सी विषाणूविरोधी प्रतिपिंडांसाठी. निष्कर्ष साधारण अर्ध्या तासात मिळतो. या दोन चाचण्यांचा अर्थ एकसारखा नाही, आणि प्रत्यक्ष कामात बहुतेक गोंधळ येथेच होतो.

बीची चाचणी विषाणूचाच अंश शोधते. ती सकारात्मक असल्यास त्या वेळी संसर्ग आहे असे मानले जाते आणि तो सहा महिन्यांहून अधिक टिकल्यास दीर्घकालीन ठरतो. सीची चाचणी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. साधारण १५ ते ४५ टक्के व्यक्तींमध्ये सी विषाणू सहा महिन्यांत उपचाराविना नाहीसा होतो, परंतु प्रतिपिंडे आयुष्यभर राहू शकतात. उपचाराने बऱ्या झालेल्या व्यक्तीचीही हीच स्थिती असते. त्यामुळे सीची कार्ड चाचणी सकारात्मक आली की आरएनए चाचणीने विषाणू प्रत्यक्ष आहे का ते पाहावेच लागते. क्षयरोगाच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या जीनएक्स्पर्ट व ट्रूनॅट यंत्रांवर योग्य काडतूस किंवा चिप वापरून ही चाचणी होऊ शकते.

संख्येच्या दृष्टीने याचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. ३०० बंद्यांची चाचणी केली, चाचणीची विशिष्टता ९९ टक्के आहे आणि प्रतिपिंडांचे खरे प्रमाण देशाच्या सरासरीएवढे आहे असे मानले, तर खरा सकारात्मक निष्कर्ष एक आणि चुकीचे सकारात्मक निष्कर्ष तीन येतील. खरे प्रमाण ५ टक्के असेल, तर हेच गुणोत्तर पंधरास तीन होईल. दोन्ही परिस्थितींत केवळ कार्ड चाचणीवरून बंद्याच्या कागदावर ‘हिपॅटायटिस सी’ असा शेरा मारणे अन्यायाचे ठरते.

संसर्ग झाल्यापासून चाचणी सकारात्मक होईपर्यंतचा काळही लक्षात घ्यावा लागतो. बी प्रतिजन दिसू लागण्यास साधारण ४ ते १० आठवडे, सी प्रतिपिंडांना साधारण ८ ते ११ आठवडे लागतात, तर सी आरएनए एक-दोन आठवड्यांत सापडू शकतो. अटकेच्या आधीच्या महिन्यात संसर्ग झालेला बंदी प्रवेशाच्या दिवशी नकारात्मक ठरू शकतो; धोका असलेल्यांची चाचणी काही महिन्यांनी पुन्हा करण्याचे कारण हेच आहे.

बुलढाणा जिल्हा

बुलढाणा हा अमरावती महसूल विभागातील तेरा तालुक्यांचा जिल्हा आहे. जिल्हा कारागृह आणि जिल्हा सामान्य रुग्णालय ही दोन्ही बुलढाणा शहरात आहेत. ही जवळीक हा येथील मोठा अनुकूल घटक आहे. रक्तनमुना रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाठवणे किंवा रुग्णालयातील समुपदेशक व तंत्रज्ञांनी कारागृहात येणे यासाठी शहराबाहेर जावे लागत नाही. बंद्याला रुग्णालयात नेण्यासाठी मात्र पोलिसांची ‘कैदी पार्टी’ लागते, आणि न्यायालयीन तारखांच्या कामातून ती मोकळी असेल तेव्हाच मिळते. चाचणी आणि औषध दोन्ही कारागृहाच्या आत नेण्यावर भर देण्यामागे हे साधे कारण आहे.

जिल्ह्यात पुढील दर्जाच्या वैद्यकीय सोयीसाठी दीर्घकाळ सुमारे १०० किलोमीटरवरील अकोला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा छत्रपती संभाजीनगरकडे पाहावे लागे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये बुलढाण्याचाही समावेश आहे.

जिल्ह्याचा विस्तार हा प्रतिकूल घटक होय. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील, किंवा दक्षिणेकडील लोणार व सिंदखेड राजा येथील न्यायाधीन बंदी जामिनावर सुटला, की त्याचे उपचार केंद्र बुलढाण्यातच राहते आणि तो मात्र अर्ध्या-एक दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर जातो. मोलमजुरी करणाऱ्या व्यक्तीला दर महिन्याच्या औषधासाठी एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे सोडावे लागते. औषध मोफत असूनही उपचार अर्धवट राहण्यास एवढे पुरेसे असते. सुटकेच्या वेळी उरलेल्या सर्व गोळ्या एकदम देणे आणि नजीकच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या नावे पत्र देणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय समजला जातो.

मोठी शिक्षा झालेल्या बंद्यांची रवानगी मध्यवर्ती कारागृहात होते. विदर्भात अशी कारागृहे अमरावती व नागपूर येथे आहेत. बदलीच्या वेळी न्यायालयीन कागद बंद्याबरोबर जातात, कारण त्यांच्याशिवाय त्याला दुसरीकडे दाखल करून घेता येत नाही. वैद्यकीय कागदांना अशी सक्ती नसल्यास ते मागे राहतात आणि नव्या कारागृहात तपासणी पहिल्यापासून सुरू होते.

संमती आणि गोपनीयता

कारागृहात ‘नको’ म्हणणे सोपे नसते. गणवेशातील अधिकाऱ्यासमोर रांगेत उभ्या असलेल्या बंद्याने हात पुढे करणे याला संमती म्हणता येईल का, हा या विषयातील मूळ नैतिक प्रश्न आहे. मंडेला नियमांतील नियम ३२ वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर बंद्याची स्वायत्तता, माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता पाळण्याचे बंधन घालतो. इंग्लंडमध्ये २०१४ पासून ‘नकार न दिल्यास चाचणी’ ही पद्धत कारागृहांत टप्प्याटप्प्याने आणली गेली. तीत चाचणी सर्वांना देऊ केली जाते आणि नकाराचा हक्क स्पष्ट सांगितला जातो. सर्वांनाच चाचणी असल्याने कोणी एकटा संशयित ठरत नाही, हा तिचा लाभ आहे. नकार देणाऱ्याला कामाच्या वाटपात किंवा मुलाखतीत त्रास होणार नाही याची खात्री नसेल, तर मात्र ही पद्धत सक्तीच ठरते.

निष्कर्ष कोणाला कळवायचा, याचे उत्तर नियमात सोपे व व्यवहारात अवघड आहे. वैद्यकीय नोंदी लिहिण्यास किंवा औषध वाटण्यास काही ठिकाणी बंद्यांचीच मदत घेतली जाते. अशा वेळी नाव बराकीत पोहोचण्यास वेळ लागत नाही. आजार खोकल्याने पसरत नाही हे ठाऊक नसलेले सहबंदी मग त्याच्या ताटापासून दूर बसतात. न्यायाधीन बंद्याच्या बाबतीत हीच माहिती गावापर्यंत जाऊ शकते. दोषी ठरण्यापूर्वीच त्याला आणखी एक कलंक चिकटतो.

लसीकरण

हिपॅटायटिस सीवर लस नाही; बीवर आहे आणि ती अत्यंत परिणामकारक आहे. भारताच्या बालकांच्या लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस २००२ मध्ये काही ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात आली, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत विस्तारली आणि २०११-१२ पासून देशभर लागू झाली. याचा अर्थ असा की आज कारागृहात असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ कोणालाही शासकीय बाल-लसीकरणातून ही लस मिळालेली नाही. प्रतिजन चाचणी नकारात्मक आलेल्या बंद्यासाठी तपासणीचा प्रत्यक्ष लाभ म्हणजे ही लस होय.

नेहमीचा क्रम ०, १ आणि ६ महिने असा आहे. न्यायाधीन बंदी सहा महिने आत असेलच असे नाही. राष्ट्रीय आकडेवारीत न्यायाधीन बंद्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तीन महिन्यांहून कमी काळ कोठडीत असलेले दिसतात. अशा ठिकाणी ०, ७ व २१ दिवस आणि नंतर १२ महिन्यांनी वर्धक मात्रा हा जलद क्रम वापरता येतो. तीन आठवड्यांत तीन मात्रा पूर्ण होतात आणि वर्धक मात्रा चुकली तरी काही संरक्षण हाती राहते. कारागृह कर्मचाऱ्यांसाठीही, विशेषतः झडती घेणारे, भांडणे सोडवणारे व रुग्णालयात काम करणारे यांच्यासाठी, लस उपयुक्त आहे. कारागृह प्रशासनाचे सहकार्य मिळवण्याचा तो एक सरळ मार्गही ठरतो.

उपचार आणि त्यांतील खंड

हिपॅटायटिस सीवर सोफोसबुव्हिर व डॅक्लाटॅस्व्हिर या गोळ्या दररोज, १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस दिल्या जातात. सिऱ्होसिस असल्यास सोफोसबुव्हिर व व्हेलपॅटॅस्व्हिर वापरतात, आणि गुंतागुंतीच्या अवस्थेत रिबाव्हिरिन जोडतात किंवा कालावधी २४ आठवड्यांपर्यंत वाढवतात. बरे होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी आरएनए चाचणी नकारात्मक आली की रुग्ण बरा झाला असे मानतात. उपचार सुरू करण्यापूर्वी बीची चाचणी आवश्यक असते, कारण सीचा विषाणू नाहीसा होत असताना दबलेला बी विषाणू उसळू शकतो. क्षयरोगाच्या औषधांतील रिफॅम्पिसिन या गोळ्यांचा परिणाम कमी करते. म्हणून दोन्ही आजार असलेल्या बंद्यात बहुधा आधी क्षयरोगाचे उपचार पूर्ण केले जातात. क्षयरोगाच्या औषधांनी यकृतावर ताण येत असल्याने त्या काळात यकृताच्या चाचण्या अधिक वारंवार कराव्या लागतात.

बीचे उपचार वेगळे आहेत. सर्व बाधितांना औषध लागत नाही. यकृताची स्थिती, एएलटी आणि विषाणूचे प्रमाण पाहून ते ठरते. औषध लागलेच, तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर बहुधा अनेक वर्षे, कित्येकदा आयुष्यभर, घ्यावे लागते. ते अचानक थांबल्यास विषाणू पुन्हा वाढून तीव्र यकृतदाह होण्याचा धोका असतो. म्हणून अटक हीच धोक्याची वेळ ठरते. आधीपासून टेनोफोव्हिर घेत असलेली व्यक्ती पोलीस कोठडीत जाते, औषधाची बाटली घरी राहते आणि कारागृहातील पहिल्या तपासणीत तिला कोणी विचारले नाही, तर खंड पडतो. ‘सध्या कोणते औषध चालू आहे?’ हा प्रवेशाच्या नोंदीतील प्रश्न या दृष्टीने रक्तचाचणीइतकाच मोलाचा आहे. एचआयव्हीसह बी संसर्ग असलेल्यांना एआरटी केंद्रातून मिळणाऱ्या गोळीत टेनोफोव्हिर असतेच, त्यामुळे त्यांना बीसाठी वेगळे औषध लागत नाही.

न्यायाधीन बंद्याचा उपचार सुटकेपर्यंत लांबणीवर टाकण्याची प्रवृत्ती अनेक देशांत दिसून आली आहे. ‘८४ दिवस तो येथे राहील याची खात्री नाही’ हे कारण सांगितले जाते. परंतु बाहेर गेल्यावर ही व्यक्ती केंद्रावर येण्याची शक्यता कारागृहात उपचार सुरू होण्याच्या शक्यतेपेक्षा कमीच असते. सुरू झालेला उपचार हातात गोळ्या देऊन बाहेर पूर्ण करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच आरोपी ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास, काही अपवाद वगळता, त्याच्या सुटकेची तरतूद आहे. ती स्वागतार्ह असली तरी तिच्यामुळे सुटकेचा दिवस ठरतो तो न्यायालयात, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला तो बहुधा त्याच संध्याकाळी कळतो. त्यामुळे औषधाची पुढील पुडी, केंद्राचा पत्ता आणि आरएनए चाचणीची तारीख असलेले कार्ड उपचाराच्या पहिल्याच दिवशी तयार ठेवावे लागते.

महिला बंदी

महिलांची संख्या जिल्हा कारागृहांत अल्प असते आणि त्यामुळे मोहिमेच्या नियोजनात त्या सुटण्याची शक्यता अधिक असते. गर्भवती बंद्याची बी चाचणी विशेष महत्त्वाची आहे. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत तो दीर्घकालीन होतो, तर प्रौढपणी संसर्ग झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीची पहिली मात्रा आणि माता बाधित असल्यास इम्युनोग्लोब्युलिन दिल्याने हा संसर्ग बहुतांशी टळतो. सहा वर्षांपर्यंतची मुले आईसोबत कारागृहात राहू शकतात. त्यांच्या उर्वरित मात्रांची जबाबदारी अशा वेळी कारागृहाकडे येते.

इतर देशांतील अनुभव

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या उत्तर भागातील लोटस ग्लेन कारागृहात नव्या गोळ्यांचे उपचार सर्व बाधितांना देऊ केल्यावर सुमारे २२ महिन्यांत हिपॅटायटिस सीचे प्रमाण १२ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. न्यू साउथ वेल्समधील चार कारागृहांत झालेल्या अभ्यासात उपचारांचा विस्तार केल्यानंतर नव्या संसर्गाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. बंदिस्त समूहात बाधितांवर उपचार करणे हाच इतरांचा बचाव ठरतो, हे या अनुभवांतून दिसले. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने कारागृहांसाठी सुचवलेल्या एचआयव्हीविषयक उपायसंचातही हिपॅटायटिसचे लसीकरण, निदान व उपचार यांचा समावेश आहे.

तथापि ही कारागृहे आणि विदर्भातील जिल्हा कारागृहे यांत मोठा फरक आहे. तेथील अभ्यासांत शिक्षा भोगणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय होते आणि परिचारिकांच्या पथकाला बंदी तेथेच भेटत असे. बुलढाण्यासारख्या ठिकाणी त्याच अनुभवाचा उपयोग करायचा, तर उपचाराचा मोठा भाग कारागृहाच्या भिंतीबाहेर, तालुक्याच्या रुग्णालयात पार पडणार हे गृहीत धरूनच नियोजन करावे लागते.